२० अधिक ३३ बरोबर ८७

जुलाबाने मूल दगावल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आई अडाणी, दुसरं काय होणार!’ मला त्याची चीड येते. पण आई शिकलेली असली की मुलं जास्त जगतात, हे जगभर दिसतं, ही गोष्ट खरीच. ते का?

लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल आणि त्यांचे सहकारी ओरुबुलोये यांनी १९७०च्या दशकात नायजेरियातली दोन सारखी गावं तपासली. फरक एवढाच की एका ठिकाणी दवाखाना होता, दुसरीकडे नव्हता. दवाखाना जवळ पण आई निरक्षर, तर मुलांचं अपेक्षित आयुर्मान दोन्ही नसलेल्यांपेक्षा २० टक्के जास्त निघालं. आई शिकलेली पण दवाखाना नाही, तर ३३. दोन्ही असतील तर बेरीज ५३. गुणाकार करून बघा, १.२० गुणिले १.३३, तरी साठच्या आसपास. प्रत्यक्षात निघाले ८७! संख्याशास्त्रात याला आंतरक्रिया म्हणतात: दवाखाना तोच, पण शिकलेल्या आईच्या हाती तो जास्त चालतो.

शिकलेली बाई बहुधा खात्यापित्या घरचीच, मग श्रेय शाळेचं की पैशाचं? तैवानने १९६८ साली सक्तीचं शिक्षण सहावरून नऊ वर्षांवर नेलं. नव्या शाळा कुठे जास्त उघडल्या, कुठे कमी. त्या फरकावरून पुढे हिशेब झाला, तेव्हा वाढलेल्या शिक्षणामुळे हजार जन्मांमागे जवळजवळ एक अर्भक वाचल्याचं दिसलं.

शाळेत असं मिळतं तरी काय? जंतूंचा धडा तर कधीच विसरलेला असतो. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हाईन यांचं उत्तर मला फार आवडतं: शाळेत एक परकी भाषा मिळते. घरची भाषा समोरच्या वस्तूला चिकटलेली असते: ‘ते दे’, ‘परवासारखं कर’. शाळेतली भाषा वस्तूपासून सुटलेली असते. अनोळखी माणूस समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलतो आणि आपण ते समजून घ्यायचं. लेव्हाईन यांच्या गटाने नेपाळमधल्या आयांना रेडिओवरचा आरोग्यसंदेश ऐकवून काय कळलं ते विचारलं. शाळा सोडून वर्षं लोटली होती, तरी ही सवय टिकून होती.

आपल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, हेच दिसेल. डॉक्टर विचारतात, ‘किती दिवसांपासून?’ आई सांगते, ‘मामाच्या लग्नाहून आलो, तवापासून पातळ करतंय.’ उत्तरात सगळं आहे, फक्त आकडा नाही, आणि मागे चाळीस केसपेपर. मग हातात ओआरएसची, म्हणजे जुलाबावरच्या मीठ-साखरेची, पुडी: अख्खी पुडी, एक लिटर पाणी, २४ तासांत संपवा. पुरवून वापरावी म्हणून अर्धी पुडी २०० मिलीच्या पेल्यात कालवली तर पाणी अडीचपट खारट होतं, आणि ते बाळाला अपायकारक. मेळघाटात तान्ह्याच्या पोटाला तापल्या सळईचे चटके देणारा भगत अघोरीच. पण तो घरच्या बोलीत बोलतो आणि त्याला घाई नसते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उलटी वाट धरली: आईने दवाखान्याची भाषा शिकण्याऐवजी दवाखानाच तिच्या बोलीत घरी नेला. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि घरोघरी पाठवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तुलनेच्या गावांपेक्षा तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता.