अंगावर घातलेलं आणि अ‍ॅट्यून केलेलं: जादुई वस्तूंचे दोन वेगळे नियम

"माझे तिन्ही अ‍ॅट्यूनमेंट स्लॉट भरलेत, म्हणजे हे बूट मला घालता येणार नाहीत ना?" डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळताना हा प्रश्न कधी ना कधी येतोच. (अ‍ॅट्यूनमेंट म्हणजे कॅरेक्टरने, म्हणजे खेळाडूच्या पात्राने, जादूच्या वस्तूशी जोडलेलं नातं; स्लॉट म्हणजे अशा नात्यांसाठीच्या मोजक्या जागा.) उत्तर बूट कुठले आहेत यावर ठरतं. बूट्स ऑफ एल्व्हनकाइंड असतील तर खुशाल घाला, त्यांना अ‍ॅट्यूनमेंट लागतच नाही. विंग्ड बूट्स असतील तर तेही पायात घालता येतील, फक्त उडता येणार नाही.

गोंधळ होतो कारण आपण "घालणं" आणि "अ‍ॅट्यून होणं" ही एकच गोष्ट धरून चालतो. नियमात ते दोन वेगळे अडसर आहेत. एखाद्या वस्तूला पहिलाच पार करावा लागतो, एखादीला दोन्ही. (खालचे आकडे 2014 च्या नियमपुस्तकांतले आहेत.)

घालण्याचा नियम शरीराशी बांधलेला आहे. एका वेळी बुटांचा एकच जोड, हातमोज्यांचा एक, ब्रेसर्सचा (मनगटावरच्या पट्ट्यांचा) एक, एकच चिलखत, डोक्यावर एकच वस्तू आणि खांद्यावर एकच क्लोक. जोडीने येणाऱ्या वस्तू जोडीनेच घालायच्या. एका पायात एक बूट आणि दुसऱ्यात भलताच, असं केलं तर दोन्हींचा गुण मिळत नाही. अंगठ्या या यादीत नाहीत, तिथे तारतम्य वापरा असं पुस्तक म्हणतं आणि शेवटचा शब्द डीएमचा (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा). वेळही लागतो: ढाल चढवायला लढाईतल्या आपल्या पाळीतली एक अ‍ॅक्शन, हलकं चिलखत 1 मिनिट, मध्यम 5, जड 10. चिलखत जादूचं आहे म्हणून ही मिनिटं कमी होत नाहीत.

अ‍ॅट्यूनमेंट हे कॅरेक्टर आणि वस्तू यांच्यातलं नातं आहे. ते जोडायला एक अख्खी शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती), म्हणजे किमान 1 तास, त्या एकाच वस्तूवर लक्ष देऊन घालवावा लागतो. तलवार असेल तर सराव, इतर काही असेल तर ध्यान. मध्येच हल्ला झाला तर प्रयत्न फुकट. एका वेळी जास्तीत जास्त तीन वस्तूंशी असं नातं ठेवता येतं (आर्टिफिसर या क्लासला, म्हणजे पेशाला, पुढच्या लेव्हल्सवर जास्त), आणि एक वस्तू एका वेळी एकाचीच. अ‍ॅट्यूनमेंट लागणारी वस्तू तशीच वापरली तर तिचे फक्त साधे, बिनजादूचे फायदे मिळतात. फ्लेम टंग उचलली तर हातात तलवार आहे, पण ज्वाळा नाहीत. अशी अट असलेली जादूची ढाल साध्या ढालीसारखी वार अडवेल, त्यापलीकडे काही नाही.

अ‍ॅट्यूनमेंट म्हणजे "ताकदवान वस्तूचं लक्षण" असंही बरेच जण धरतात. तसं नाही. दुर्मिळतेच्या श्रेणीत (रेअरिटी) +3 तलवार व्हेरी रेअर आहे, +3 चिलखत लेजंडरी आहे, आणि दोन्हींना अ‍ॅट्यूनमेंट लागत नाही. उलट गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर नुसते अनकॉमन, म्हणजे खालच्या श्रेणीचे, तरी ते स्लॉट मागतात. क्लोक ऑफ एल्व्हनकाइंडला लागते, त्याच नावाच्या बुटांना नाही. तेव्हा नावावरून किंवा रेअरिटीवरून अंदाज बांधू नका, वर्णनाची पहिली ओळ वाचा. तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ठरावीक क्लासची अट असेल तर तीही: होली अ‍ॅव्हेंजर फक्त पॅलाडिनशी अ‍ॅट्यून होते.

दोन नियम किती वेगळे चालतात हे अ‍ॅम्युलेट ऑफ हेल्थवर छान दिसतं. दहाव्या लेव्हलची फायटर, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा कणखरपणा) 12, त्यावरून ठरणारा मॉडिफायर +1. गळ्यात अ‍ॅम्युलेट घातलं आणि अ‍ॅट्यून झाली की स्कोअर 19, मॉडिफायर +4. कॉन्स्टिट्यूशनचा बदल पहिल्या लेव्हलपासून मोजतात, म्हणून दर लेव्हलला 3 याप्रमाणे तिचे कमाल हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) थेट 30 नी वाढतात. आता बाजाराच्या गर्दीत एका चोराने ते गळ्यातून लांबवलं. त्याच क्षणी 30 गेले, कारण वर्णनात "घातलेलं असताना" अशी अट आहे. पण अ‍ॅट्यूनमेंट अजून शाबूत आहे! ती तुटायला वस्तू सलग 24 तास 100 फुटांपेक्षा जास्त लांब राहावी लागते. किंवा दुसऱ्या कुणीतरी तिच्याशी अ‍ॅट्यून व्हावं लागतं, आणि चोराला ही वस्तू काय आहे हेच ठाऊक नसेल तर त्याला आधी एक शॉर्ट रेस्ट ओळखण्यात घालवावी लागेल, मग दुसरी अ‍ॅट्यून होण्यात. ओळख आणि अ‍ॅट्यूनमेंट एकाच शॉर्ट रेस्टमध्ये होत नाही. म्हणजे पार्टीकडे (खेळाडूंच्या गटाकडे) निदान दोन तास आहेत. तेवढ्यात चोर सापडला तर अ‍ॅम्युलेट परत गळ्यात घालायचं, बस्स. नव्याने विश्रांती घ्यायची गरज नाही. असा पाठलाग खेळायला मला मनापासून आवडतो, कारण इथे घड्याळ डीएमने बनवलेलं नसतं, नियमातूनच आलेलं असतं.

हीच गोष्ट उलट बाजूने: अ‍ॅट्यून केलेली अंगठी पिशवीत टाकली म्हणून स्लॉट रिकामा होत नाही. ती फायदा देत नाही आणि जागाही अडवते. स्वेच्छेने सोडायची असेल तर त्यासाठी आणखी एक शॉर्ट रेस्ट लागते. म्हणून "आत्ता ही काढतो, ती घालतो" असं लढाईच्या मध्ये चालत नाही.

प्रत्येक वस्तूला घालावंच लागतं असंही नाही. स्टोन ऑफ गुड लक नुसता जवळ असला, खिशात जरी असला, तरी चालतो. मात्र अ‍ॅट्यूनमेंट हवी. याउलट दोन्ही अडसर पार करूनही हाती काही लागत नाही, असंही होतं. ब्रेसर्स ऑफ डिफेन्स घातले, अ‍ॅट्यून केले, पण अंगात चिलखत किंवा हातात ढाल आहे, तर एसीला (आर्मर क्लास, म्हणजे वार लागणं किती कठीण तो आकडा) मिळणारे +2 मिळत नाहीत. रिंग ऑफ प्रोटेक्शन आणि क्लोक ऑफ प्रोटेक्शन मात्र एकत्र चालतात, दोघांचा +1 मिळून +2, फक्त तीनपैकी दोन स्लॉट त्यात जातात. कॅरेक्टर शीटवर वस्तूंची एकच यादी ठेवण्याऐवजी प्रत्येकीपुढे "कुठे आहे" आणि "अ‍ॅट्यून आहे का" असे दोन रकाने करा, अर्धे वाद तिथेच मिटतात.

शापित वस्तूंच्या बाबतीत हा फरक जिवावर बेततो. बर्सर्कर अ‍ॅक्सचा शाप अ‍ॅट्यून झाल्यावर चिकटतो, मग ती कुऱ्हाड सोडायची इच्छाच होत नाही. अशी अ‍ॅट्यूनमेंट स्वतःहून तोडता येत नाही. रिमूव्ह कर्स स्पेल (मंत्र) लागतो, आणि तोसुद्धा वस्तूचा शाप नष्ट करत नाही, मालकाचं नातं तोडतो, म्हणजे मग ती टाकून देता येते. अनोळखी वस्तूशी अ‍ॅट्यून व्हायची घाई करू नका हे मी नव्या खेळाडूंना आवर्जून सांगतो, आणि वस्तू ओळखणाऱ्या आयडेंटिफाय स्पेलवर भिस्तही ठेवू नका, कारण बहुतेक शाप त्यालाही दिसत नाहीत.

जुन्या खेळाडूंची गफलत थोडी वेगळी असते. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत अ‍ॅट्यूनमेंट नव्हती. मर्यादा शरीराच्या जागांवरच होती, अंगठ्या दोन, बाकी बहुतेक ठिकाणी एकेक. त्यामुळे ते "जागा रिकामी आहे, मग वस्तू चालेल" असं समजतात. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा वेगळी रीत आहे: तिथे दिवसाला दहा वस्तू इन्व्हेस्ट, म्हणजे वापरासाठी चालू, करता येतात.

आणखी एक प्रसंग पटकन विसरला जातो. कॅरेक्टर मेलं की त्याची सगळी अ‍ॅट्यूनमेंट संपते. क्लेरिकने (पुरोहित-पेशाच्या कॅरेक्टरने) मिनिटभराच्या आत रिव्हिव्हिफाय हा जिवंत करणारा स्पेल टाकून त्याला 1 हिट पॉइंटवर उठवलं, तरी ती परत येत नाही. अंगठी बोटात, क्लोक खांद्यावर, अ‍ॅम्युलेट गळ्यात, सगळं जिथल्या तिथे, पण एकही चालू नाही. फायटरचे ते 30 हिट पॉइंट कमाल आकड्यातून वजा, एसी आणि सेव्हिंग थ्रोचे (संकटातून बचावायच्या फाशाचे) बोनस वजा. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र शॉर्ट रेस्ट, म्हणजे तिन्ही परत मिळवायला निदान तीन तास. लढाई अजून चालू असेल तर क्लेरिकने पुढची टर्न ठरवताना हे आकडे आधी बदलून घ्यावेत.