उष्ण कटिबंधातील युरोपीय प्रवाशांचे जुनाट आजार व उपचार (अठरावे शतक)

व्यापार, लष्करी नोकरी, मिशनकार्य किंवा शास्त्रीय शोधासाठी हिंदुस्थान, जावा, अरबस्तान, आफ्रिका आणि वेस्ट इंडीजकडे गेलेल्या युरोपीयांना जडणारे व वर्षानुवर्षे पाठ न सोडणारे विकार, आणि त्यांवरील तत्कालीन उपचार. हिवताप व त्यामुळे वाढलेली पानथरी (प्लीहा), जुनी आव, यकृताचा दाह व गळू, नारू आणि शिशाचा पोटशूळ हे त्यांतले प्रमुख. पीतज्वरासारखे काही दिवसांत निकाल लावणारे रोग आणि स्कर्व्ही हा समुद्रावरचा रोग यांचा विचार येथे केलेला नाही.

जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ मध्ये मुंबईत होता. दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशी म्हण त्याने तिथल्या इंग्रजांच्या तोंडी ऐकली आणि ती पुढे शंभर वर्षे उद्धृत होत राहिली. मरणाचे प्रमाण मोठे होतेच, पण म्हणीत न आलेला वर्ग त्याहून मोठा होता : पहिला पावसाळा निभावलेले, दर काही महिन्यांनी अंथरूण धरणारे, औषधपेटी जवळ बाळगून कचेरी किंवा तुकडी सांभाळणारे लोक. कारण म्हणून बहुतेक वैद्य हवेकडे बोट दाखवीत. दलदलीतून, कुजत्या पाल्यातून, मुंबईत नारळीच्या मुळांशी घातलेल्या मासळीच्या खतातून दूषित वाफ उठते आणि ती अंगात शिरते, अशी उपपत्ती होती. जेम्स लिंड याने उष्ण प्रदेशांतील युरोपीयांच्या रोगांवर १७६८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाचा पायाही हाच. त्यातून निघालेले काही सल्ले योगायोगाने उपयोगी ठरले, उदाहरणार्थ रात्री दलदलीजवळ न झोपणे, जहाज किनाऱ्यापासून दूर नांगरणे. पाणी, डास आणि आचाऱ्याचे हात मात्र संशयातून सुटले.

नीबूरची मोहीम : डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेली मोहीम जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगनहून निघाली. सहा जणांपैकी भाषापंडित फॉन हाफेन मे १७६३ मध्ये येमेनमधील मोखा येथे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पेटर फॉर्स्कॉल जुलैत तिथल्याच यरीम येथे वारला. चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बेर्गग्रेन मुंबईला येणाऱ्या जहाजावर ऑगस्टअखेर गेले. मोहिमेचा वैद्य क्रामर मुंबईपर्यंत पोहोचला, पण फेब्रुवारी १७६४ मध्ये तोही तिथेच वारला. उरला एकटा गणितज्ञ व नकाशाकार कार्स्टेन नीबूर. सर्वांना एकच ताप होता आणि त्याची लक्षणे हिवतापाशी जुळतात. नीबूर स्वतःही वारंवार आजारी पडे. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने केली आणि शहराच्या आरोग्याविषयी लिहिले. पाणथळ जागा भरल्यापासून हवा सुधारली आहे, तरीही नवे आलेले युरोपीय मरतात ते या उष्म्यात गोमांस व डुकराचे मांस खाऊन, पोर्तुगालची कडक दारू पिऊन आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, हे त्याचे मत. सैल कपडे व हलका आहार त्याने स्वतः स्वीकारला आणि १८१५ पर्यंत जगला. आहाराने हिवताप टळत नाही. पण यकृत आणि आतडी आधीच दुबळी झालेल्या माणसाला या बदलाचा फायदा होणे शक्य होते.

औषधपेटी हाताशी असून वैद्यच आधी जाण्याचा प्रकार विरळा नव्हता. कॅप्टन कुकचे एंडेव्हर जहाज ऑक्टोबर १७७० मध्ये बटाव्हियाला (आजचे जाकार्ता) लागले तेव्हा खलाशी धडधाकट होते. तिथल्या मुक्कामात सर्जन मंकहाउस नोव्हेंबरच्या आरंभीच दगावला. बंदर सोडल्यावर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केपपर्यंतच्या प्रवासात हिवताप आणि आव यांनी वीसहून अधिक माणसे गेली. १७३३ पासून बटाव्हियातला मृत्युदर एकाएकी वाढला होता. किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्याचे मत्स्यतलाव झाले आणि त्यांत हिवतापाचे डास पैदा होऊ लागले, हे त्याचे आज मान्य असलेले स्पष्टीकरण.

हिवताप आणि साल : पेरूच्या डोंगराळ भागातून येणारी सिंकोनाची साल हे त्या काळातले खरोखर लागू पडणारे औषध. थंडी, ताप, घाम हा फेरा संपला, की मधल्या मोकळ्या वेळात एक ड्रॅम, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, वस्त्रगाळ भुकटी पोर्ट वाइनमधून दर दोन-तीन तासांनी द्यायची आणि पुढचा फेरा येण्यापूर्वी निदान एक औंस (सुमारे ३० ग्रॅम) पोटात जाईल असे पाहायचे, ही रूढ पद्धत होती. ताप थांबल्यावरही काही दिवस कमी मात्रा चालू ठेवीत.

ती फसे अनेक कारणांनी. सालीतले क्विनीन १८२० मध्ये वेगळे झाले. त्याआधी कोणत्या जातीच्या झाडाची, किती जुनी आणि किती भेसळीची साल पेटीत आहे हे चवीवरूनच ठरवावे लागे आणि कडवटपणा दुसऱ्या सालींनाही असतो. एवढी भुकटी पोटात टिकतही नसे. रोगी ओकून टाकी आणि मात्रा वाया जाई. तिसरे कारण वैद्यांच्या समजुतीचे. पोट साफ न करता साल दिली तर ताप आतच कोंडला जातो आणि यकृत-पानथरीत गाठ धरतो, असे अनेकांना वाटे. म्हणून आधी वांतिकारक, मग रेचक, मग दहा-बारा औंस रक्त काढणे, आणि हे सगळे आटोपल्यावर साल. हिवतापाने तांबड्या पेशी आधीच फुटत असतात, त्यात ही रक्तस्रावाची भर. बरगडीखाली हाताला लागणारी कडक पानथरी सालीमुळे होते हा समज तर नेमका उलटा होता : अर्धवट उपचार झालेल्या, वारंवार उलटणाऱ्या हिवतापाची ती खूण. कलकत्त्याच्या फ्रान्सिस बॅल्फरने १७८४ मध्ये ताप उलटण्याचा संबंध चंद्राच्या कलांशी जोडला आणि साल कोणत्या तिथीला द्यावी याचे नियम बांधले. ताप ठरावीक दिवसांनी येतो हे निरीक्षण खरे होते, पण घड्याळ आकाशात नसून रक्तातल्या जंतूच्या वाढीत होते.

पुरेशी साल घेऊनही काहींचा ताप सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, कधी इंग्लंडात पोहोचल्यावर उलटे. हिवतापाच्या व्हायव्हॅक्स जातीच्या जंतूचे सुप्त रूप यकृतात दडून राहते आणि क्विनीनचा त्याच्यावर परिणाम होत नाही, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळले.

आव : हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांना सर्वांत जास्त निकामी करणारा रोग. रक्त-शेम पडणे, मुरडा, मग महिनाभर बरे आणि पुन्हा तेच, असे चालता चालता माणूस सुकत जाई. ब्राझीलमधले इपिकाक मूळ सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या हेल्व्हेटियसने गुप्त औषध म्हणून आणले आणि चौदाव्या लुईने हजार सुवर्णमुद्रा देऊन त्याचे रहस्य विकत घेतले. पूर्ण मात्रा २० ते ३० ग्रेन (१.३ ते २ ग्रॅम). तिने जोराची ओकारी होई आणि ओकारीनेच रोग बाहेर पडतो अशी समजूत असल्याने ती मुद्दाम होऊ देत. प्रत्यक्षात उपयोगी पडे ते पोटात उरलेले एमेटीन, म्हणजे त्या मुळातले औषधी द्रव्य. ओकारी टाळण्यासाठी काही वैद्य आधी अफूचा अर्क पाजून, तासभर पाणी तोडून, रोग्याला उताणे निजवून मूळ देत, आणि त्यांचे रोगी अधिक बरे होत. एक भाग इपिकाक व एक भाग अफू असलेली डोव्हरची भुकटी (१७३२) लोकप्रिय होती, पण तिच्यातले मूळ अमीबा, म्हणजे या आवेचा सूक्ष्म जंतू, मारण्यास फार थोडे. अफूने जुलाब थांबत, दुखणे शमे आणि रोगी बरा झाला असे वाटे, तर अमीबा आतड्यातून यकृताकडे सरकत राही. एमेटीनची सुई कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्सने १९१२ मध्ये वापरली तेव्हा कुठे या रोगाचा नीट बंदोबस्त झाला.

पश्चिम किनाऱ्यावर याहून जवळचे औषध होते, ते म्हणजे पांढऱ्या कुड्याची साल. गोव्यातल्या गार्सिया द ओर्ताने १५६३ च्या ग्रंथात तिची नोंद केली होती. पोर्तुगीज तिला मलबारी वनस्पती म्हणत आणि अठराव्या शतकात ती तेल्लिचेरीची साल या नावाने युरोपच्या औषधी दुकानांत पोहोचली. तिथे तिचे नाव खराब झाले ते काळ्या कुड्याच्या सालीची तिच्यात मिसळ होऊ लागल्यावर. दोन्ही झाडे दिसायला जवळची, पण काळ्या कुड्यात हा गुण नाही. गोव्याचीच आणखी एक निर्यात म्हणजे ‘गोवा स्टोन’ : कस्तुरी, अंबर, बेझोअर (जनावरांच्या पोटात सापडणारा खडा), शिंपल्याची भुकटी यांचा सोन्याचा वर्ख लावलेला गोळा, जेझुइटांनी बनवलेला. चहात किंवा पाण्यात किंचित खरवडून तो कोणत्याही तापावर, विषावर देत. निरुपद्रवी आणि महाग, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येते.

यकृत आणि पारा : उजव्या कुशीत जडपणा, उजव्या खांद्याच्या टोकाला दुखणे, पिवळसर चेहरा, संध्याकाळी बारीक ताप या लक्षणांना हिंदुस्थानातले इंग्रज नुसते ‘लिव्हर’ म्हणत. आज त्यात दोन-तीन वेगळे रोग दिसतात : अमीबाचे गळू, दारूने झालेली यकृताची हानी, हिवतापातली सूज. तेव्हा सर्वांवर इलाज एकच, पारा.

तो तीन प्रकारे देत. पाऱ्याचे मलम (पारा व चरबी समभाग) रोज रात्री एक ड्रॅम घेऊन मांडीच्या आतल्या बाजूला अर्धा तास, दिसेनासे होईपर्यंत चोळायचे. किंवा गुलकंदासारख्या पाकात पारा मरेपर्यंत खलून केलेली निळी गोळी. किंवा कॅलोमेल, म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, दोन ते पाच ग्रेन. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही मात्रा वीस ग्रेनपर्यंत चढली. औषध लागू पडल्याची खूण म्हणजे तोंड येणे : आधी तांब्यासारखी चव, मग हिरड्या सुजणे, श्वासाला घाण, आणि लाळ. दिवसाला दीड लिटर लाळ गळाली तरी ते यश मानत आणि दोन-तीन आठवडे ती गळती टिकवीत. दात हलत, जबड्याचे हाड कुजे, हात थरथरू लागत. ही पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणे रोगाच्याच खात्यावर मांडली जात आणि त्यासाठी पुन्हा पारा दिला जाई. कॅलोमेलनंतर होणारे हिरवे शौच म्हणजे कोंडलेले पित्त सुटले, असे समजत. तो रंग पुष्कळदा पाऱ्याच्याच संयुगाचा असे. स्कॉटिश प्रवासी मंगो पार्कने १८०५ मध्ये नायजर नदीच्या वाटेवर आवेसाठी स्वतःवर हा प्रयोग केला. तोंड इतके आले की सहा दिवस बोलता वा झोपता येईना. आव थांबली असे तो लिहितो आणि ते खरेही असेल, पण आव आपोआप थांबून पुन्हा उलटते हे त्याच्या पिढीला सर्वाधिक फसवणारे लक्षण होते.

यकृताचे गळू पिकले तर सर्जन लॅन्सेटने (बारीक धारदार शस्त्राने) ते फोडी. ते पोटाच्या भिंतीला चिकटलेले असेल तर चॉकलेटी रंगाचा पू बाहेर येई आणि रोगी वाचे. चिकटलेले नसेल तर पू पोटात सांडून दोन-चार दिवसांत मृत्यू.

मुंबईचा सर्जन हेलेनस स्कॉट याने पाऱ्याला पर्याय शोधला तो मात्र विचार करून. तो स्वतः यकृताच्या जुन्या दुखण्याचा रोगी होता. पाऱ्याच्या भस्मातला गुण पाऱ्याचा नसून त्यातल्या ऑक्सिजनचा असावा, असे त्याने नव्या फ्रेंच रसायनशास्त्रावरून ताडले. मग ऑक्सिजन भरपूर असलेले नायट्रिक आम्ल पाण्यात पातळ करून तो दिवसभर थोडे थोडे पिऊ लागला. १७९६ मध्ये त्याने हे निष्कर्ष ‘बॉम्बे कुरियर’मध्ये छापले. ब्रिस्टलचा वैद्य टॉमस बेडोज याने ते इंग्लंडात पसरवले आणि आम्ल उपदंशावरही दिले जाऊ लागले. उपदंशावर ते निरुपयोगी ठरले. यकृताच्या रोग्यांना बरे वाटले याचे कारण बहुधा इतकेच, की तेवढे दिवस पारा बंद राहिला. पुढे स्कॉटने आम्लाचे स्नान सुरू केले. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेला आर्थर वेलस्ली १८०१ मध्ये मुंबईत ताप आणि हट्टी खरजेने आजारी असताना त्याच्यावर हाच प्रयोग झाला. अंग पुसलेले टॉवेल आम्लाने जळत, अशी हकीकत आहे. या आजारामुळे तांबड्या समुद्राकडे जाणारे त्याचे जहाज चुकले आणि ते जहाज सर्वांसह बुडाले.

नारू : पाण्यातल्या बारीक जीवावाटे शरीरात शिरणारा हा जंत वर्षभराने, बहुधा पायावर, फोड होऊन बाहेर येतो. मादी साठ सेंटिमीटर ते मीटरभर लांब. वर्षाच्या या अंतरामुळे प्रवाशाला तो कुठे लागला ते उमगत नसे आणि दुसऱ्याच गावच्या हवेवर खापर फुटे. पाय पाण्यात बुडवून, तोंड बाहेर आले की काडीला गुंडाळायचे, दिवसाला दोन-चार सेंटिमीटर ओढायचे, अडले की थांबायचे. हे काम हिंदुस्थानातले न्हावी व वैद्य सफाईने करत. घाई केली की नारू तुटतो, त्यातला द्रव मांसात सांडतो आणि पाय सुजून पिकतो. अबिसीनियाहून (आजचा इथिओपिया) परतणाऱ्या स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूसच्या पायातला नारू १७७३ मध्ये जहाजावरच्या सर्जनच्या हातून तुटला. मार्सेच्या विलगीकरण केंद्रात त्याने हालाचे दिवस काढले आणि नंतर इटलीतल्या पोरेत्ताच्या उन्हाळ्यांवर (गरम पाण्याच्या झऱ्यांवर) उपचार घेतले.

शिशाचा पोटशूळ : वेस्ट इंडीजमध्ये पोटात पीळ, बद्धकोष्ठ आणि पुढे मनगट लुळे पडणे हा विकार हवेचा मानला जाई. जमैकात लष्करी वैद्य असलेल्या जॉन हंटरने १७८८ मध्ये तो नवी रम पिणाऱ्यांनाच होतो हे दाखवून भट्टीच्या नळ्यांतल्या शिशावर बोट ठेवले.

परतल्यावर ऐपत असलेल्यांची वाट बहुधा इंग्लंडातल्या बाथ गावच्या गरम झऱ्यांकडे वळे. अनेक वर्षांच्या पोटदुखीसाठी अफू घेणारा रॉबर्ट क्लाइव्हही तिथे जाऊन राहत असे. बाथचे पाणी यकृताला किंवा आवेला काही करत नव्हते. शिशाने लुळे पडलेल्यांपैकी मात्र बरेच जण तिथल्या रुग्णालयातून सुधारून गेले. गळ्यापर्यंत पाण्यात बराच वेळ बसल्याने लघवीचे प्रमाण वाढते आणि तिच्यावाटे शिसे अधिक बाहेर पडते, हे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले आहे. तिथले वैद्य मात्र ते श्रेय पाण्यातल्या क्षारांना देत.