वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया : कोणती निवडावी

लठ्ठपणा आणि त्यातून जडणारे आजार आटोक्यात आणण्यासाठी जठराचा आकार कमी करणाऱ्या किंवा लहान आतड्यातली अन्नाची वाट बदलणाऱ्या शस्त्रक्रियांना बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. पुण्यात त्यांना सर्रास ‘वजनाचं ऑपरेशन’ म्हटले जाते. कातडीखालची चरबी ओढून काढणारे लायपोसक्शन वेगळे. त्याने घेर कमी होतो, मधुमेह हलत नाही. आज जवळजवळ सगळ्या बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात, दोन-तीन दिवसांत माणूस घरी जातो आणि जिवाला असलेला धोका पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास असतो. त्यामुळे ‘करावे की नाही’ हे ठरल्यावर खरा पेच उभा राहतो तो ‘कोणते करावे’ याचा. ओपीडीत पहिला प्रश्न बहुधा ‘किती किलो उतरेल?’ असा येतो. पण प्रमुख प्रकारांतला किलोंचा फरक थोडा आहे. कोणते ऑपरेशन पुढची तीस-चाळीस वर्षे माणसाकडून काय मागत राहील, यात मोठा फरक आहे आणि निवड त्यावर व्हायला हवी.

पात्रता आणि पुण्याचे योगदान

अमेरिकेतल्या १९९१च्या निकषांत या शस्त्रक्रियांसाठी बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ४०, किंवा मधुमेहासारखा आजार असल्यास ३५, ही रेषा होती. भारतीय शरीराला ती लागू पडत नाही, आणि हे दाखवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात हेच नवजात बाळांतही दिसले : वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, हातपाय काटकुळे, पण चरबी मात्र टिकून. हा ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय ध्यानात घेऊन आपल्याकडे रेषा खाली आणली गेली. आजार असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ हे आकडे भारतीय शल्यचिकित्सक वापरतात. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी तर आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करायला वाव दिला आहे.

विम्याचे नियम मात्र जुन्या आकड्यांवर थांबले आहेत. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, असे धरले जाते, आणि कमी त्रासाचे उपाय आधी करून झालेले असावे लागतात. १५८ सेंमी उंचीच्या बाईचे उदाहरण घेऊ. मधुमेह हाताबाहेर असेल, तर सुमारे ८१ किलोला डॉक्टर तिला पात्र म्हणतील. विमा कंपनी ८७ किलोच्या आत तिच्याकडे बघणार नाही. हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांच्या गट विम्यात अटी निराळ्या असू शकतात, म्हणून पॉलिसीतले ते एक कलम तारीख ठरवण्याआधी वाचलेले बरे. ‘विम्यासाठी अजून चार किलो वाढवा’ असे कानावर येते. साखर आधीच चढलेल्या माणसाला असे सांगणे अन्यायाचे आहे.

प्रकार

सर्वांत जास्त केले जाणारे ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तोंडावाटे सुमारे १२ मिलिमीटर जाडीची नळी जठरात सोडतात, तिला लगटून स्टेपलर चालवतात आणि बाहेरचा फुगीर भाग, म्हणजे जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश हिस्सा, कापून बाहेर काढतात. मागे उरते ते केळ्याएवढे, बाहीसारखे उभे जठर. काढलेल्या भागातच भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते, त्यामुळे पोट लहान होतेच, शिवाय भुकेची हाकही मंदावते. आतड्याला हात लागत नाही. हीच या ऑपरेशनची जमेची बाजू. वजाबाकीही तितकीच ठळक आहे : काढलेले जठर परत बसवता येत नाही, आणि अरुंद नळीतला दाब वर चढून छातीत जळजळ वाढू शकते किंवा नव्याने सुरू होऊ शकते.

दुसरे गॅस्ट्रिक बायपास. बायपास म्हटले की घरातल्या मोठ्यांना हृदयाची आठवते आणि ते घाबरतात. पुणेकराला समजावण्यासाठी कात्रज-देहूरोड बायपास पुरेसा आहे. गाडी शहरात न शिरता बाहेरून निघून जाते, शहर मात्र जागच्या जागी असते. इथे जठराच्या वरच्या टोकाशी ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी, पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग वर ओढून तिला जोडतात. अन्न उरलेल्या जठरात आणि आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, शिरतच नाही. ते जठर आत राहते, पाचकरस तयार करत राहते, आणि ते रस पुढे दुसऱ्या जोडावर अन्नाला भेटतात. आतड्याची ही मांडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. स्विस शल्यविशारद सेझार रू यांच्या नावावरून तिला ‘रू-एन-वाय’ म्हणतात. वजनासाठी जठराचा बायपास पहिल्यांदा एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केला. आतड्यातल्या संप्रेरकांचा तोल बदलत असल्याने मधुमेहावर याचा परिणाम पुष्कळदा वजन उतरण्याच्याही आधी दिसतो.

तिसरा, भारतात विशेष रुळलेला, प्रकार म्हणजे मिनी बायपास. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये तो सुरू केला. दोनऐवजी एकच जोड, म्हणून वेळ कमी लागतो. पण ‘मिनी’ या शब्दाने फसू नये. यात बहुधा दीडशे ते दोनशे सेंटिमीटर आतडे वगळले जाते, म्हणजे शोषणावरचा परिणाम नेहमीच्या बायपासपेक्षा जास्तही होऊ शकतो. फ्रान्समधल्या योमेगा चाचणीत वजनाचा निकाल दोन्हींचा सारखा लागला. जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी मात्र मिनी बायपासच्या गटात अधिक होत्या. पित्त उलटून जठराच्या पिशवीत येण्याची शक्यताही असते.

जठराला बांधायचा पट्टा आता जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. तो सरकतो, रुततो, शेवटी काढावा लागतो. ड्युओडेनल स्विच (स्लीव्हबरोबर आतड्याचा बराच भाग वगळणारे ऑपरेशन) आणि त्याचे एकाच जोडाचे नवे रूप ‘साडी’ (SADI) ही सर्वांत प्रबळ ऑपरेशने. ती फार जास्त वजनासाठी आणि अनुभवी हातांसाठीच. पोटातला फुगा ही शस्त्रक्रिया नाही. तो बहुधा सहा महिन्यांनी काढतात आणि वजन परतण्याची भीती राहते.

निवड कशावर ठरते

आधी एंडोस्कोपीचा रिपोर्ट उघडावा. त्यात अन्ननलिकेच्या टोकाशी व्रण, मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीच्या पोकळीत सरकणे) किंवा बॅरेट (आम्लाने अन्ननलिकेचे अस्तर बदलणे) हा शब्द असेल, तर स्लीव्ह बाजूला ठेवून बायपासकडे वळणे शहाणपणाचे. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या स्लीव्हपास चाचणीत दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला दाह होता, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांच्या. त्याच चाचणीत जादा वजनापैकी उतरलेला भाग स्लीव्हमध्ये सुमारे ४४ टक्के आणि बायपासमध्ये सुमारे ५१ टक्के होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की किलोंपेक्षा जळजळीला जास्त वजन का द्यायचे ते कळते. आपल्याकडे ‘ॲसिडिटी’ला कोणी आजार मानत नाही. रोज सकाळी न चुकता पित्ताची गोळी घेणारा माणूसही ‘मला काही त्रास नाही’ असे सांगतो, म्हणून हा प्रश्न खोदून विचारावा लागतो.

मधुमेहाचे गणित वर्षांवर चालते. आजार किती जुना, गोळ्या किती, इन्सुलिन चालू आहे का, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) सात टक्क्यांच्या आत येते का, या चार गोष्टी पाहतात. आजार मध्यम टप्प्यात असेल तर बायपासचा फायदा स्लीव्हपेक्षा जास्त. सौम्य असेल तर दोन्ही चांगली. आजार फार जुना असून स्वादुपिंड थकलेले असेल, तर बायपासनेही मधुमेह पूर्ण सुटण्याची शक्यता कमी, मग कमी गुंतागुंतीची स्लीव्ह का करू नये, असा विचार होतो.

पुण्यात सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निकष म्हणजे ताट. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याच्या परिसरातल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली जे प्रसिद्ध केले, त्यात ६७ टक्के जणांत बी१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. आता यावर बायपास ठेवून पाहा : बी१२ शोषायला लागणारे आम्ल आणि जठरातले घटक अन्नाला वेळेवर भेटतच नाहीत. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आद्यांत्रात शोषले जातात, तेही वगळलेले. म्हणजे जिथे टाकी आधीच तळाला आहे, तिथे आपण नळही बारीक करतो. शाकाहारी माणसाने बायपास करू नये असा याचा अर्थ नाही. पण ऑपरेशनआधी बी१२, ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून भरून काढायला हवे, आणि पुढे जन्मभर गोळ्या व गरज पडेल तेव्हा इंजेक्शने घेणारा स्वभाव आहे का, हे स्वतःला विचारायला हवे. स्लीव्हनंतरही पूरक औषधे लागतात, मात्र चूक झाल्यास दंड थोडा कमी.

प्रथिनांचेही तसेच. दिवसाला किमान ६० ग्रॅम हवीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पोट चार घासांत भरत असताना हा हिशेब वरण-भाताने जमत नाही. भात मागे आणि पनीर, उसळ, दही, अंडे पुढे असे ताट फिरवावे लागते. ज्यांच्या घरात अंडेही चालत नाही, त्यांना शोषण जास्त तोडणारी ऑपरेशने सुचवताना हात आखडता घ्यावा. एकादशी-चतुर्थीचा विषयही आधीच काढावा. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिने जवळजवळ नसतात, निर्जळी उपवासाने शरीरातले पाणी झपाट्याने घटते, आणि उपवासाच्या दिवशी गोळ्याही राहतात.

बायपासनंतर गोड झटकन खाल्ले की छाती धडधडणे, घाम, चक्कर असा प्रकार होतो. त्याला डंपिंग म्हणतात. मेमधली आमरसाची वाटी किंवा मस्तानीचा पेला हे त्याचे नेहमीचे निमित्त. गोडावर ताबा नसलेल्या काहींना हा लगाम उपयोगी पडतो, काहींना तो छळ वाटतो.

तंबाखूबद्दल नेमके शब्द वापरावेत. ‘सिगारेट ओढता का?’ याला जिल्ह्यातल्या कितीतरी बायका खरेच ‘नाही’ म्हणतात आणि सकाळी मिश्री लावतात. तंबाखू सुटणार नसेल तर बायपासच्या जोडावर व्रण होण्याची भीती आहे. तीच गत गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांची. ज्यांना या गोळ्या टाळताच येणार नाहीत, ज्यांना क्रोनचा आजार (आतड्याचा जुनाट दाह) आहे, किंवा आधीच्या ऑपरेशनांमुळे आतडी चिकटलेली आहेत, त्यांच्यासाठी स्लीव्ह बरी. बीएमआय ५०च्या वर असेल तर आधी स्लीव्ह आणि वजन उतरल्यावर गरजेनुसार दुसरा टप्पा, असेही करतात.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनी आता या निवडीत आणखी एक वाट उघडली आहे. त्यांपैकी टिर्झेपटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आले. मोठ्या चाचणीत त्याच्या सर्वोच्च मात्रेने ७२ आठवड्यांत सरासरी २१ टक्के वजन उतरले. पण औषध थांबले की वजन परतू लागते. बीएमआय तिशीच्या आसपास असलेल्याने आधी ही वाट पाहावी. बीएमआय पंचेचाळीस आणि सोबत झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेल्याला त्यावर अडवून ठेवू नये.

ऑपरेशनच्या आगेमागे

ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात. त्याने चरबीने फुगलेले यकृत आकसते आणि दुर्बिणीला जागा मिळते. नंतरचे पहिले दिवस औषधाच्या बाटलीवरच्या छोट्या प्लास्टिकच्या कपाचे. ताक, गाळलेल्या आमटीचे पाणी किंवा नारळपाणी, एकेक घोट, मध्ये थांबत. घाई केली की छातीच्या मध्यभागी दाटते. वजन भराभर उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात, म्हणून काही महिने गोळी देतात. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी बारा ते अठरा महिने थांबायचे असते, आणि पीसीओडीवाल्यांची पाळी वजन उतरताच नियमित होऊन अनपेक्षित दिवस राहू शकतात, हे नवरा-बायको दोघांनाही सांगायला हवे.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्यावी. कोणते ऑपरेशन केले, किती सेंटिमीटर आतडे वगळले, आतड्याची मांडणी बदलताना आत पडलेल्या फटी शिवल्या का, हे तिच्यात असते. बायपासनंतर अनेक वर्षांनीही त्या फटींत आतडे अडकून पोटात एकाएकी तीव्र कळ येऊ शकते. अशा वेळी रात्री दोन वाजता अपघात विभागातल्या अनोळखी डॉक्टरांना ‘वजनाचं ऑपरेशन झालंय’ एवढे सांगून भागत नाही, तो कागद हातात द्यावा लागतो.