उभ्या गाडीची किल्ली फिरवण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ब्रुनेईच्या सुलतानाच्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून आम्हाला फोन करणारे बरेच झालेत. प्रश्न ठरलेला असतो. "अहो, त्यांच्या हजारो गाड्या तीस-तीस वर्षं गॅरेजात उभ्या आहेत, त्यांना काही होत नाही. मग आमची एक प्रीमियर पद्मिनी चार वर्षं उभी राहिली, तर एवढं बिल कसं?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास समजावत बसलं तर हातातलं काम राहतं, म्हणून एकदाच लिहून छापलं आहे.

त्यांना काही होत नाही, हेच मुळात खरं नाही.

ब्रुनेई हा बोर्नियो बेटावरचा, गोव्याच्या दीडपट आकाराचा देश. तेल आणि वायूचा पैसा अमाप. सुलतान हसनल बोल्कियाह 1967 पासून गादीवर आहेत. त्यांचा 1,788 खोल्यांचा राजवाडा सगळ्यांना माहीत असतो, पण गाड्यांच्या इमारती बाहेरच्या माणसाने क्वचितच पाहिल्या. खरेदीचा मोठा जोर 1990 च्या दशकातला, आणि त्यात सुलतानांचे धाकटे भाऊ प्रिन्स जेफ्री पुढे होते. तेव्हा तेच देशाचे अर्थमंत्री होते आणि सरकारी गुंतवणूक संस्थाही त्यांच्याच हातात होती. गाड्या किती, याचा आकडा कोणी अडीच हजार सांगतो, कोणी सात हजार. घराण्याने आजवर यादी दाखवलेली नाही.

या गाड्या शोरूममधून उचललेल्या नव्हत्या, सांगून बनवून घेतलेल्या होत्या. बेंटलेने बाजारात एसयूव्ही आणली 2015 साली, पण त्याच्या वीसेक वर्षं आधी ब्रुनेईसाठी 'डॉमिनेटर' नावाच्या मोजक्या एसयूव्ही गुपचूप तयार झाल्या होत्या. फेरारी 456 चं चार दारांचं, मागे सामानाला जागा असलेलं मॉडेल इटलीच्या पिनिनफरिना कंपनीने याच घराण्यासाठी बांधलं. ब्रुनेईत आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, त्यामुळे बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. बनवणाऱ्यांनी तोंड बंद ठेवलं आणि या गाड्यांचे फोटोसुद्धा कित्येक वर्षं बाहेर आले नाहीत.

मग आशियातलं आर्थिक संकट आलं. 1998 मध्ये जेफ्रींची अमेदेओ कंपनी कोसळली आणि भावाभावांत अब्जावधी डॉलरचा दावा उभा राहिला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपिलाच्या न्यायालयापर्यंत गेला आणि 2007 मध्ये निकाल जेफ्रींच्या विरोधात लागला. गाड्यांचं वेड थांबलं, ऑर्डरी रद्द झाल्या. आणि आधीच घेतलेल्या गाड्या? त्या उभ्या राहिल्या. विषुववृत्ताजवळचा देश, बारमाही दमट हवा. आत जाऊन आलेल्या मोजक्या लोकांनी जे सांगितलं ते आमच्या धंद्यातल्या कोणालाही नवीन वाटणार नाही: बसलेले टायर, बुरशी धरलेलं चामडं, मेलेल्या बॅटऱ्या.

एक उदाहरण ग्राहकांना आम्ही नेहमी देतो. मॅक्लारेन एफ-वन जगात एकूण 106 बनल्या आणि ब्रुनेईच्या घराण्याने त्यातल्या अनेक घेतल्या. त्या गाडीची पेट्रोलची टाकी म्हणजे एक रबरी पिशवी असते. ती दर पाच वर्षांनी बदलावी लागते, मग गाडी पाच किलोमीटर फिरलेली असो की पन्नास हजार. बदलायची तर आधी इंजिन बाहेर काढायचं. म्हणजे ही जगातली एक भारी गाडी एक मीटरही न हलता दर पाच वर्षांनी मोठं काम काढते. रबर कॅलेंडर बघून म्हातारं होतं, किलोमीटर बघून नाही. तुमच्या गाडीतला टायमिंग बेल्ट, ब्रेकची रबरं आणि पेट्रोलचा पाइप याच जातीचे.

आता मुद्द्यावर येतो. बिल वाढतं ते गाडी उभी राहिल्यामुळे कमी, आणि आम्हाला बोलावण्याआधी तुम्ही ती सुरू करून पाहता त्यामुळे जास्त.

सगळ्यांचा क्रम सारखाच. मुलगा सुट्टीवर येतो, आजोबांच्या गाडीवरचं कव्हर काढतो, शेजाऱ्याच्या गाडीवरून बॅटरीला केबल लावतो आणि सेल्फ मारतो. नाहीच लागली तर गल्लीतली चार पोरं धक्का मारायला तयार असतात. तोही उपाय फसला की मग आमचा नंबर शोधला जातो.

इचलकरंजीहून आलेल्या एका पद्मिनीचं सांगतो. सहा वर्षं उभी होती. मुलगा मस्कतहून आठ दिवसांसाठी आलेला. केबल लावली, कार्बोरेटरमध्ये थोडं ताजं पेट्रोल ओतलं, आणि गाडी चक्क सुरू झाली. दहा मिनिटं चालली, व्हिडिओ काढला, नातेवाइकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर आतून टक्-टक्, आणि मग काहीच नाही. आम्ही व्हॉल्व्ह कव्हर उघडलं तेव्हा आठातले तीन पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) केळ्यासारखे वाकले होते. झालं असं की टाकीतलं जुनं पेट्रोल आटून चिकट झालं होतं. इंजिन गरम असेपर्यंत तो चिकटा पातळ राहिला, रात्री थंड होताच व्हॉल्व्हच्या दांडीवर गोंदासारखा बसला. सकाळी व्हॉल्व्ह हलेना आणि पुशरॉड ढकलायचा थांबेना. आदल्या दिवशी कोणी किल्ली फिरवली नसती तर टाकी, पाइप आणि कार्बोरेटर साफ करून आठवड्यात गाडी दिली असती. त्याऐवजी हेड उतरवावं लागलं, गाडी पावणेदोन महिने आमच्याकडे राहिली आणि मुलगा तिच्यात न बसताच मस्कतला परत गेला.

इंजेक्शनच्या गाडीत बहुधा पुशरॉड नसतात, पण तिथे टाकीच्या तळाचा गाळ पंपातून थेट इंजेक्टरपर्यंत जातो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून सुटून खाली बसतं, आणि पंप ओढतो तो खालूनच.

"आम्ही दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो" असं अभिमानाने सांगणारेही आहेत. राग मानू नका, पण हे न केलेलं बरं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पाच मिनिटांत सायलेन्सर नीट तापतच नाही, त्यामुळे ती वाफ आतच थंड होते आणि सायलेन्सर आतून गंजतो. ऑइलमध्येही पाणी उतरतं. बॅटरीतून सेल्फने जेवढं घेतलं तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. चालवायची तर पंधरा-वीस किलोमीटर चालवा, नाहीतर हातच लावू नका.

आमच्या पद्धतीबद्दल काहींची तक्रार असते. पाहणीचे वेगळे पैसे का, आणि गाडी आणली त्या दिवशी सुरू करून का दाखवत नाही? पाहणीत आमचा फिटर पूर्ण दिवस घालवतो. सर्वांत आधी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तुमच्यासमोर उजेडात धरतो. चांगलं पेट्रोल फिकट असतं. आमच्याकडे येतं ते बहुधा काळ्या चहाच्या रंगाचं, आणि वास तारपिनासारखा. बरणी बघितल्यावर पाहणीच्या पैशांवरून आजवर कोणी वाद घातलेला नाही. त्यानंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडतो, इंजिन हाताने फिरवून पाहतो, वेगळ्या डब्यातून ताजं पेट्रोल देतो, आणि मगच सेल्फ. दुसरीकडे गाडी तासाभरात सुरू करून देणारे मिळतील. त्यातल्या काही गाड्या महिन्याभरात आमच्याकडेच येतात. काम ठरलं तर पाहणीचे पैसे बिलातून वळते होतात, हे मात्र लोक ऐकून घेत नाहीत, म्हणून इथे छापलं.

टायरवर नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर असेल तर आम्ही गाडी रस्त्यावर काढत नाही, तुम्ही कितीही आग्रह केला तरी.

बाहेरगावी जाताना गाडी ठेवून जायची असेल तर थोडक्यात: टाकी काठोकाठ भरा, बॅटरीची वायर काढा, हँडब्रेक न ओढता चाकाला लाकडी ओंडके लावा (ओढलेला हँडब्रेक एका पावसाळ्यात ड्रमला चिकटतो), आणि प्लॅस्टिकची ताडपत्री तर अजिबात टाकू नका. सुती कव्हर घाला. उंदरांवर खात्रीचा उपाय आमच्याकडेही नाही.

कोल्हापूरकरांना खरं तर उदाहरणासाठी ब्रुनेईला जायची गरज नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा अर्धं गाव ती बघायला उभं असतं. (ती आमच्याकडे येत नाही, उगाच श्रेय घेत नाही.) पण ठरलेल्या दिवशी लोकांसमोर चालायचंच आहे म्हटल्यावर तिला विसरून कोणाला चालत नाही. कुलूप लावून ठेवलेल्या गाडीला हा धाक नसतो.

तो धाक हवा असेल तर आमची महिन्याच्या भेटीची सोय आहे. फिटर घरी येतो, वीस किलोमीटरची फेरी मारतो, बॅटरी आणि टायरची हवा बघतो आणि वहीत नोंद करून तुम्हाला फोटो पाठवतो. परदेशात असलेल्यांपैकी बरेच जण आता हीच घेतात. गाडी आमच्या शेडमध्येही ठेवता येते, पण जागा मोजक्याच गाड्यांची आहे, तेव्हा आधी विचारा.

खंडेनवमीला पूजेसाठी गाडी चालू हवी असेल तर गणपतीच्या आधी आणा. नवरात्र बसल्यावर आणलेली बंद गाडी त्या दसऱ्याला मिळणार नाही. आणताना टोचन करू नका, चाकं जाम असतात. फोन करा, आम्ही फ्लॅटबेड पाठवतो. सोबत आरसी बुक, विम्याची प्रत आणि घरात सापडतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या द्या. टाकीच्या झाकणाची किल्ली वेगळी असते आणि बहुतेकजण तीच विसरतात.