कालवांचं बंदर आणि नाग नदी

नागपूरच्या नाग नदीच्या सफाईचा विषय निघाला की ‘नदीत कालवं सोडा’ म्हणत एक व्हिडिओ हमखास फिरतो. दोन टाक्यांत सारखंच गढूळ पाणी, एकीत कालवं (ऑयस्टर, शिंपल्यात राहणारे समुद्री जीव) सोडलेली, आणि काही तासांत तिचा तळ दिसायला लागतो. व्हिडिओ खरा आहे. पण न्यूयॉर्कच्या बंदरात कालवं पुन्हा वसवण्याचं जे काम चाललंय त्याचं ते फक्त शेवटचं पान.

1609 मध्ये दर्यावर्दी हेन्री हडसनचं जहाज तिथे पोचलं, तेव्हा तळाशी सुमारे 2 लाख 20 हजार एकरांवर कालवांचे थर असावेत, असा अंदाज आहे. नागपूर मनपाच्या हद्दीच्या जवळपास चौपट. लोकांनी कालवं खाल्ली, शिवाय रिकामे शिंपले भाजून चुना केला, रस्त्यांत भरले. मूळ घाव इथे बसला. कालवाची अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग तिला चिकटायला काहीतरी टणक लागतं, शक्यतो जुना शिंपलाच. शिंपला उचलला की खाली उरतो गाळ, आणि गाळात अळी गुदमरते.

उरलंसुरलं सांडपाण्याने संपवलं. 1924-25 च्या हिवाळ्यात दूषित कालवांमुळे अमेरिकेत टायफॉइडची मोठी साथ आली. 1927 पर्यंत बंदरातली कालवं काढणं पूर्ण बंद झालं. पाणी सुधारू लागलं ते 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर, शुद्धीकरण केंद्रांवर पैसा ओतल्यावर. कालवं पुन्हा वसवणारा बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट सुरू झाला 2014 मध्ये. म्हणजे आधी चार दशकं गटारांचं काम, मग कालवं. व्हिडिओत नेमकं हेच गळतं.

तिथली पद्धत साधी पण वेळखाऊ आहे. हॉटेलांतून जमवलेले शिंपले वर्षभर उन्हापावसात पडू देतात, मांसाचे अवशेष नि रोगजंतू राहू नयेत म्हणून. मग टाकीत शिंपले पसरून अळ्या सोडतात. त्या चिकटल्या की शिंपले जाळीच्या पिंजऱ्यांत भरून तळाशी ठेवतात. चिखलावर मोकळे टाकले तर रुततात. एक मोठं कालव दिवसाला 190 लिटर पाणी गाळतं, हा आकडा उबदार, अनुकूल पाण्यातला कमाल आहे. कडक थंडीत गाळणं जवळपास थांबतं. कालव शेवाळ आणि बारीक कण पकडतं, नको ते चिकट गोळ्या करून खाली टाकतं. मैल्यातले जंतू मात्र त्याच्या अंगात साठतात. जोराच्या पावसात तिथलं सांडपाणी आजही बंदरात उतरतं, म्हणून ही कालवं खायला मनाई आहे.

कालवाला खारं किंवा मचूळ पाणी लागतं, तेव्हा नाग नदीत ते जगणारच नाही. आपल्याकडे आहे तो गोड्या पाण्यातला शिंपला, लॅमेलिडेन्स नावाचा जिवंत प्राणी. त्याची अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढते. मासा नाही तर पुढची पिढी नाही. सांडपाण्याच्या प्रवाहात बादलीभर शिंपले ओतले तर ते काही दिवस तोंड मिटून राहतील, मग मरून सडतील आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातील.

नागपूरच्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावात काही करायचंच असेल तर आधी विरघळलेला ऑक्सिजन मोजावा, तोही सूर्योदयापूर्वी आणि तळाजवळ. दुपारी शेवाळामुळे आकडा फुगलेला येतो. मग काठचा गाळ चाळून लहान शिंपले सापडतात का ते बघावं. नुसते मोठेच सापडले तर पैदास थांबली आहे, आणि तलावात मासे कोणते उरलेत, याची चौकशी नवे शिंपले आणण्याआधी करावी लागेल.