कण्हत नाही म्हणजे दुखत नाही, असे नव्हे
पुण्यातल्या रुग्णालयांच्या प्रतीक्षाकक्षांत एक समज हमखास ऐकू येतो: रुग्ण कण्हत नसेल आणि नाडी, रक्तदाब ठीक असतील, तर त्याला फारसे दुखत नसणार. हा समज चुकीचा आहे. तीव्र वेदनेत नाडीचे ठोके वाढू शकतात हे खरे. पण ते भीतीने आणि तापानेही वाढतात, आणि महिनोन्महिने दुखणे सोसणाऱ्याची नाडी अगदी शांतही असू शकते. वेदनेचे थर्मामीटर नाही, म्हणूनच परिचारिका ‘० म्हणजे अजिबात दुखत नाही, १० म्हणजे कल्पनेतले सर्वांत वाईट दुखणे, तुमचे किती?’ असे विचारते. खुब्याचे हाड मोडलेल्या, पेठेतल्या एखाद्या आजी ‘चालायचंच’ म्हणत ‘दोन’ सांगतात (सोसण्याचे कौतुक आपल्याकडे जरा जास्तच), पण कूस बदलताना पलंगाची कड घट्ट धरतात. अशा वेळी जाणती परिचारिका ‘आणि हलताना किती?’ असे पुन्हा विचारते व औषधानंतर आकडा उतरला का, तेही पाहते. बोलू न शकणाऱ्या बालकांसाठी १९९७ साली प्रसिद्ध झालेली ‘फ्लॅक’ पद्धत वापरतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे, यांना प्रत्येकी ० ते २ गुण. मात्र ज्याला सांगता येते, त्याचे सांगणेच आधी धरायचे.