जुन्या डिझेल पिकअपने अवजड ट्रेलर ओढणे

अमेरिकेत १९८० च्या दशकापासून २००० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बनलेल्या डिझेल पिकअपच्या मागे घोडे, गुरे, गवताचे भारे, बांधकामाची यंत्रे किंवा फिरते घर यांचे ट्रेलर जोडून नेण्याची पद्धत आजही रूढ आहे. ही वाहने टिकून आहेत ती मुख्यतः त्यांच्या इंजिनांमुळे. मात्र किती वजन न्यावे याची मर्यादा बहुधा इंजिन ठरवीत नाही. ब्रेक, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि चेसिस हे भाग त्याच्या आधी हात टेकतात.

डॉजने १९८९ च्या मॉडेलपासून बसवलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. त्याची शक्ती अवघी १६० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ११९ किलोवॉट होती. परंतु सुमारे ५४० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) कमी फेऱ्यांवरच मिळत असल्याने भरलेला ट्रेलर जागचा हलवताना त्याची फारशी दमछाक होत नसे. फोर्डने १९८३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरची ६.९ आणि पुढे ७.३ लिटरची व्ही-८ इंजिने वापरली व १९९४ मध्ये टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेले ७.३ लिटरचे पॉवर स्ट्रोक आणले. जनरल मोटर्सची ६.२ आणि ६.५ लिटरची इंजिने त्या मानाने हलक्या कामाची होती. अवजड कामातली बरोबरी साधली ती २००१ च्या ड्युरामॅक्सने आणि त्यासोबत आलेल्या ॲलिसन गिअरबॉक्सने.

लांब चढावर खरी लढाई उष्णतेशी असते. पंपातून जाणारे डिझेल हवेच्या मानाने जास्त झाले, की धुरासोबत एक्झॉस्टचे तापमान चढते, आणि टर्बोच्या आधी ते बराच वेळ ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले तर ॲल्युमिनियमचे पिस्टन धोक्यात येतात. इंजिनाच्या पाण्याचा काटा हे दाखवत नाही, म्हणून ट्रेलर ओढणारे मालक वेगळा तापमापक बसवतात. तो वर सरकू लागला की खालचा गिअर टाकणे किंवा पाय सैल करणे हाच उपाय. पंपातून जास्त डिझेल सोडून, म्हणजे पंप ‘वाढवून’, ताकद मिळवण्याची हौस नेमकी येथेच महागात पडते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) आणि त्याखालचा गिअर यांत सारखा वरखाली होऊ लागला, तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन व गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणारा भाग) घसरून तेल तापते. त्यामुळे चढ संपेपर्यंत ओव्हरड्राइव्ह बंद ठेवतात. माथ्यावर पोहोचून थांबायचे असल्यास तापलेला टर्बो थंड होईपर्यंत इंजिन काही मिनिटे रिकामे चालू ठेवतात.

जुनी डिझेल गाडी ‘काहीही ओढते’ हे तिच्या मालकांचे आवडते वाक्य फारसे खोटे नाही. प्रश्न थांबण्याचा आहे. पिकअप आणि ट्रेलर मिळून सात टन वजन सहा टक्के उतारावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने उतरत असेल, तर हवेचा व टायरांचा विरोध बाजूला ठेवता सुमारे ७० किलोवॉट ऊर्जा सतत कोठेतरी जिरवावी लागते. वर उल्लेखिलेल्या १६० अश्वशक्तीच्या निम्म्याहून ती अधिक आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) मिटल्यावर पोकळी निर्माण होऊन गाडी रोखली जाते, पण डिझेल इंजिनात हवेची वाट खुलीच राहत असल्याने गिअरचा रोध तुलनेने क्षीण असतो. सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ते तापून पकड सोडतात, आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत हे लवकर घडते. म्हणून अनेक जण एक्झॉस्ट ब्रेक बसवून घेतात. तो एक्झॉस्टच्या नळीतील झडप मिटवून इंजिनावर उलटा दाब आणतो. ऑटोमॅटिक गाडीत मात्र टॉर्क कन्व्हर्टर लॉक झालेला नसेल, तर त्याचा उपयोग नाममात्र होतो.

ट्रेलरचे स्वतःचे विद्युत ब्रेक या कारणाने अनिवार्य मानावेत. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील (सुमारे १,३६० किलोग्रॅम) ट्रेलरला ते कायद्यानेही लागतात. जुन्या पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरच्या ब्रेकना वीज देणारे उपकरण) शाबूत असूनही मागच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये किंवा अर्थिंगच्या जोडात गंज धरल्याने ट्रेलरपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही, आणि हे कळते ते पहिल्या जोरदार ब्रेकला.

वजनाची मांडणीही तितकीच निर्णायक असते. पिकअपच्या मागच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, जोडलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडावर यावा. तो कमी पडला की ट्रेलर वेगात शेपटीसारखा झुलू लागतो. फिफ्थ-व्हील (पिकअपच्या हौद्यात बसवलेला) जोड मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे येतो आणि १५ ते २५ टक्के भार घेतो, त्यामुळे अवजड ट्रेलर त्यावर स्थिर चालतो. अर्थात हा भार वाहणाऱ्या पाट्यांच्या स्प्रिंगा वयाने बसलेल्या असतात, आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतील चेसिसला हिचच्या (ट्रेलर अडकवण्याच्या जोडाच्या) बोल्टांभोवती गंज पोखरतो.

जुन्या माहितीपुस्तिकांतील ओढक्षमतेचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे व्यर्थ आहे, कारण प्रत्येक कंपनी ते आपल्या निकषाने ठरवीत असे. समान चाचणीचे एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) जे २८०७ हे मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चढाची कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढावर आधारलेली आहे. परवान्याचा प्रश्न वेगळा : गाडी व ट्रेलर यांचे मिळून मान्य वजन २६,००१ पौंड (सुमारे ११.८ टन) किंवा अधिक आणि ट्रेलर १०,००० पौंडांहून जड असेल, तर व्यावसायिक वाहतुकीस ‘अ’ वर्गाचा परवाना लागतो.

निघण्यापूर्वी सुरक्षासाखळ्या जोडाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या ओलांडून अडकवतात, म्हणजे हिच निसटला तरी ट्रेलरचा दांडा रस्त्यावर न पडता त्यांच्या झोळीत राहतो. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणाऱ्या कळीची) बारीक तार मात्र साखळीला न बांधता पिकअपलाच वेगळी बांधतात. ट्रेलर सुटल्यास ती पिन ओढते आणि ट्रेलरवरील बॅटरी त्याचे ब्रेक लावते. पहिल्या थांब्यावर चालक प्रत्येक चाकाच्या हबजवळ (मध्यभागाजवळ) हात नेऊन पाहतो : एकच हब इतरांहून तापलेला असेल, तर बेअरिंगचे ग्रीस संपले आहे किंवा ब्रेक अडकला आहे, आणि एकच थंड असेल, तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाही.